वाढता तालुका आणि आपला संसार

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी म्हणालो की, कीर्तनकार महाराज आहेत, गुरुजी आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? मी एस.एस.सी. झालेला, तहसील कचेरीत कारकुनी करणारा माणूस. त्यावर आपले जुने सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, देवाचे महाराज सांगतील. तुम्ही तालुक्याचे सांगा. रोज दोनशे माणसांचे कागद तुमच्या टेबलावरून जातात, त्यांत काय दिसते ते सांगा." म्हणून उभा राहिलो. हे सरकारचे भाषण नव्हे. गावचा एक मुलगा गावाशी बोलतो आहे, एवढेच समजावे.

प्रथम आपला खेड तालुका कसा आहे ते पाहू. पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर, तिकडे पाऊस धो धो, भात आणि नाचणी, महादेव कोळी समाजाच्या वाड्या. मध्ये भीमा आणि भामा यांची खोरी, त्यांवर चासकमान आणि भामा आसखेड ही धरणे. पूर्वेला आपल्यासारखी कांदा-बटाट्याची, बाजरी-ज्वारीची गावे. दक्षिणेला इंद्रायणीकाठी माउलींची आळंदी. तालुक्याचे ठाणे राजगुरुनगर. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म १९०८ साली येथे झाला, म्हणून खेडचे हे नाव झाले. आणि चाकण! १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा किल्ला सुमारे दोन महिने लढविला. आता त्याच चाकणला रोज सकाळी मोटारींचा आणि कंटेनरांचा वेढा पडतो. त्यातून वाट काढून कामावर वेळेत पोहोचणे हीसुद्धा आजची एक लढाईच आहे.

चाकण म्हटले की आपल्या वडिलांना कांद्याचा बाजार आठवतो आणि आपल्या मुलांना कंपनी आठवते. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ साली सुरू झाला. फोक्सवॅगनचा २००९ साली. पाठोपाठ मर्सिडीज, महिंद्र आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. २०११ च्या जनगणनेत खेड तालुक्याची लोकसंख्या ४,५०,११६ भरली, आणि एकट्या चाकणची ४१ हजारांवर. पुढची मोजणी २०२१ साली व्हावयाची, ती कोविडच्या साथीमुळे राहिली. मध्यंतरी किती माणूस वाढले ते मोजणी होईल तेव्हा कागदावर येईल. पण आपल्या गावच्या दुकानात दुधाच्या पिशव्या किती खपतात, यावरून आपल्याला त्याचा अंदाज आहेच.

तालुका वाढला हे खरे. पण माझ्या कारकुनी बुद्धीला एक प्रश्न पडतो. तालुका वाढला म्हणजे कोण वाढले? कोणाच्या घरात काय आले, आणि कोणाच्या हातून काय गेले? जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. म्हणून आधी जमेची बाजू मांडतो.

पूर्वी आपल्या गावचा तरुण दहावी झाला की मुंबईला जाई आणि कापडाच्या गिरणीत लागे. गिरण्या गेल्या, ती वाट बंद झाली. आता आय.टी.आय. झालेला मुलगा घरून डबा घेऊन निघतो आणि रात्री घरी येतो. म्हाताऱ्या आईबापांच्या औषधपाण्याला माणूस घरात असतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. मुली नोकरीवर जातात. कंपनीच्या बसमध्ये गणवेश घालून बसणारी आपली लेक पाहिली की बरे वाटते. रस्त्यालगतच्या घरांनी चार चार, सहा सहा खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. कांद्याचा भाव पडला तरी भाडे पडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. त्या हंगामात ज्यांच्या घरी खोल्यांचे भाडे किंवा कंपनीचा पगार होता, ते तरले. ज्यांचे सारे कांद्यावर होते, त्यांनी सोसायटीचे कर्ज नवे-जुने केले. एका घरात दोन कमाया असाव्यात, हा धडा त्या वर्षाने आपल्याला दिला. ज्या मंदिराच्या कळसाला आपण आज हात जोडले, त्याच्या वर्गणीतही पगाराचा आणि भाड्याचा पैसा मोठा आहे. तो कष्टाचा आहे, हे मोकळेपणाने मानले पाहिजे.

आता खर्चाची बाजू. ती सांगताना कोणाला उद्देशून बोलतो असे कृपया समजू नये.

पहिली गोष्ट नोकरीची. कंपनीत मुलगा लागला असे आपण म्हणतो, पण तो कंपनीत लागला की ठेकेदाराकडे, हे विचारीत नाही. बरीचशी मुले ठेकेदाराच्या पटावर असतात. काही महिन्यांनी खंड देतात, पुन्हा घेतात. वय पस्तीसच्या पुढे गेले की बोलावणे कमी होते. म्हणून माझे तरुणांना सांगणे आहे की, पगाराची चिठ्ठी वाचायला शिका. भविष्यनिर्वाह निधीत नियमाप्रमाणे तुमच्या मूळ पगाराचे व महागाई भत्त्याचे १२ टक्के कापले जातात आणि तेवढीच भर मालकाने घालावयाची असते. तो पैसा जमा होतो की नाही, हे तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर पाहता येते. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला कामगार विमा योजनेच्या दवाखान्याचा हक्क असतो. त्याचे कार्ड काढले का, हे विचारा. हात मशीनमध्ये सापडल्यावर कार्डाची चौकशी करून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. इथे मात्र मला माझ्या खात्याचे थोडे बोलू द्या. तलाठी भाऊसाहेबांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नवे नाव मिळाले. आपल्या तोंडी ते भाऊसाहेबच राहणार. पण नाव बदलले तरी त्यांच्याकडचे नमुने तेच आहेत. सात म्हणजे हक्काचा उतारा, बारा म्हणजे पिकाचा, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा, सहा म्हणजे फेरफार. ही उजळणी प्रत्येक घरातल्या सुनेला आणि लेकीलासुद्धा पाठ पाहिजे.

कचेरीत मी वीस वर्षांवर काढली. त्यात जमीन विकून आलेला पैसा टिकलेला मी पाहिला, तसा विरघळलेलाही पाहिला. एक साधा हिशेब करू. समजा, रस्त्याकडेची जमीन गेली आणि एक कोटी रुपये आले. आकडा ऐकून छाती भरून येते. पण वारस किती? चार भाऊ आणि दोन बहिणी, म्हणजे सहा वाटे. एका वाट्याला १६ लाख ६६ हजार. ते सगळेच्या सगळे सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १ लाख १६ हजार व्याज, म्हणजे महिना नऊ हजार सातशेच्या आसपास. एवढ्यात आज चौघांचे घर कसेबसे चालेल. आणि सगळे ठेवतो कोण? आधी बंगल्याचा पाया खणतात, मग दारात गाडी उभी राहते, मग लग्नाला मोठे कार्यालय आणि हजार पाने उठतात. तीन वर्षांनी तोच मनुष्य आमच्या खिडकीशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा असतो. जमीन ही दुभती गाय आहे. अडीअडचणीला गाय विकावी लागते, त्यात लाज नाही. पण गाय विकून आलेल्या पैशात निदान एक कालवड तरी घ्यावी. कोणी पडीक का होईना दुसरीकडे शेत घेतले, कोणी गाळा बांधला, कोणी मुलीला नर्सिंगला घातले. त्यांचा पैसा मला टिकलेला दिसतो.

अफवांवर तर मुळीच चालू नये. चाकणला विमानतळ येणार म्हणून या तालुक्यात वर्षानुवर्षे चर्चा झाली. जमिनींचे भाव चढले, विसारपावत्या झाल्या, भावाभावांत फाटले. शेवटी २०१६ साली विमानतळासाठी पुरंदरची जागा पुढे आली. विमान इकडे उतरले नाही, पण कज्जे मात्र उतरले, आणि ते अजून कोर्टात आहेत. कोणी चारचाकीतून आला, गळ्यात साखळी घालून आला, आणि "काका, फक्त एक सही" म्हणाला, तर ती सही कशावर आहे ते आधी वाचून घ्यावे. साठेखत वेगळे, खरेदीखत वेगळे, आणि कुलमुखत्यारपत्र सर्वांत वेगळे. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लावणे होय.

तिसरी गोष्ट गुंठ्यांची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्यात वेळोवेळी सवलती आल्या, तरी शेतजमिनीचा वाटेल तसा तुकडा पाडून विकता येत नाही, हे मूळ तत्त्व कायम आहे. तरी प्लॉटिंग पडते, चुन्याच्या रेघा मारल्या जातात, आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार दहा-बारा वर्षांची पुंजी घालून गुंठा, दोन गुंठे घेतो. मग तो माझ्या टेबलापाशी येतो आणि विचारतो, "साहेब, साताबाऱ्यावर माझे नाव का नाही?" त्याच्या हातात शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टँपवरची एक नोटरी असते. त्याला काय उत्तर द्यावे? त्याला जमीन विकणारा पुष्कळदा आपल्यांतलाच असतो. गिऱ्हाईक परगावचे असले म्हणून पाप कमी होत नाही. भैरवनाथाच्या गावात परमुलखातल्या गरिबाची फसवणूक होऊ नये, एवढे आपण ठरवू शकतो.

चौथी गोष्ट लेकी-बहिणींची. हे बोलताना काही मंडळी खाली पाहतील, पण मी बोलणार. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने वाटा, हा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला. देशभर तो २००५ साली झाला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. आणि आपल्याकडे काय चालते? भाऊबिजेला साडी, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र. बहीण राजीखुशीने सोडीत असेल तर तिचा मोठेपणा आहे, कायदा आड येत नाही. पण तिला काय सोडतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई कचेरीत आल्या होत्या. नवरा गेला, मुलगा नाही, माहेरची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदल्याची यादी लागली. त्यांनी मला यादीत नाव शोधायला सांगितले. नाव नव्हते. त्यांनी पूर्वी सही केली होती, पण ती कशाची हे त्यांना माहीत नव्हते. "दादाने सांगितले म्हणून केली," एवढेच त्या म्हणाल्या. दादाला नावे ठेवली नाहीत, रडल्या नाहीत, यादीवर एकदा बोट फिरवून निघून गेल्या. बंधूंनो, असे बोट आपल्या बहिणीला कधी फिरवावे लागू नये.

पाचवी गोष्ट पाण्याची आणि घाणीची. आपल्या तालुक्यातल्या माणसांनी धरणांसाठी जमिनी दिल्या. भामा आसखेडचे पाणी १ जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला जाऊ लागले. शहराला पाणी मिळू नये असे कोणी म्हणत नाही, आपलेच नातेवाईक तिथे राहतात. पण पश्चिमेकडच्या वाड्यांतून एप्रिल-मे महिन्यात टँकरची मागणी आमच्याकडे येते, तेव्हा अर्ज हातात घेताना मनाला कसेतरीच होते. इकडे आपल्या ओढ्याची अवस्था पाहा. लहानपणी आम्ही ज्या डोहात पोहायला शिकलो, तिथे आता भाड्याच्या खोल्यांचे सांडपाणी जाते. आपण भाडे घेतो, पण शोषखड्डा घेत नाही. हाच ओढा पुढे नदीला मिळतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की आपण हळहळतो. नदी आळंदीत येऊन अचानक मळत नाही. ती गावोगावच्या ओढ्यांतून आणि नाल्यांतून मळत येते, आणि त्यांत आपलाही ओढा असू शकतो.

आणि भाडेकरूंविषयी दोन शब्द. आपण त्यांना "बाहेरचे" म्हणतो. पण त्यांच्या भाड्यावर आपल्या घराचा दुसरा मजला चढला. त्यांची मुले आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात म्हणून वर्गांचे पट राहिले आहेत. त्यांच्या गावची शिधापत्रिका असेल तर तिच्यावरचे धान्य त्यांना आपल्या गावच्या दुकानातही घेता येते. ही सोय देशातील सर्व राज्यांत २०२२ पर्यंत लागू झाली. पुष्कळांना हे माहीत नाही. घरमालकाने एवढे सांगितले तरी पुण्य आहे. आपले आजोबा मुंबईत गिरणगावच्या एका खोलीत दहा-बारा जण राहत होते, तेव्हा तेही तिथे बाहेरचेच होते.

जाता जाता हौसेविषयी. बैलगाडा शर्यत हा आपला जीव की प्राण आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. घाट पुन्हा दुमदुमले, मलाही आनंद झाला. बैलाला जीव लावणारा शेतकरी मला आवडतो. पण गुंठा विकून बैलजोडी घ्यावी आणि बैलाच्या वाढदिवसाचा फलक चौकात लावावा, तर बारी जिंकली तरी घर हरते. हौस ही पिकाच्या पैशातून करावी, जमिनीच्या पैशातून करू नये.

मंडळी, नुसती गाऱ्हाणी मांडून खाली बसणे हे कारकुनाला शोभत नाही. अर्जाच्या शेवटी "विनंती" लिहावी लागते. माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, वारसनोंदीची. मनुष्य वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. आपल्या गावी आजोबांच्या नावावरचे उतारे अजून आहेत, त्यांच्या खाली तीन पिढ्यांचे वारस लटकले आहेत. या नव्या सभामंडपात वर्षातून एक दिवस बसावे. भाऊसाहेबांना बोलवावे, प्रत्येकाने आपला उतारा आणावा, मुलींची नावे सांगावीत आणि वारस नोंदवून घ्यावेत. मी रजा टाकून अर्ज लिहायला बसेन. चहासुद्धा माझ्या घरचा.

दुसरी, फेरफाराच्या नोटिशीची. कोणताही फेरफार झाला की नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवसांची मुदत असते. चावडीवर लागलेला कागद कोणी वाचीत नाही. मंदिराच्या दाराशी आपण देणगीदारांचा फलक लावला, तसा एक साधा काळा फळा लावू. वाचता येणाऱ्या मुलाने त्या नोटिशी त्यावर खडूने उतरवाव्यात. देवदर्शनाला येणारी म्हातारीसुद्धा विचारील, "बाळा, आज कोणाची जमीन लिहिली आहे?" ज्या गावात म्हातारी असे विचारते, त्या गावात चोरून सही होत नाही.

तिसरी, ओढ्याची. ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी शोषखड्डे घ्यावेत. ग्रामसभेत ठराव करावा आणि पहिला खड्डा ज्याच्या सर्वांत जास्त खोल्या आहेत त्याने खणावा.

चौथी, ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची आहे. ती केली नाही तर उभ्या पिकाची नोंद राहते, आणि गारपिटीत नुकसानभरपाई मागताना अडते. घरात कॉलेजची पोरे आहेत. त्यांनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांची नोंद करून द्यावी. मोबाइल तेवढ्यासाठीही आहे.

जीर्णोद्धाराचे काम आपण सर्वांनी पाहिले. कारागिरांनी जुना गाभारा एकदम पाडला नाही. एकेका दगडावर क्रमांक टाकला, चांगला होता तो ठेवला, झिजला होता तो बदलला, पाया पुन्हा भरला आणि मग शिखर चढविले. गाव बदलायचे तेही याच रीतीने बदलावे. तालुक्याची वाढ आपण थांबवू शकत नाही, आणि थांबवूही नये. पण कोणता दगड ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे गावाने एकत्र बसून ठरवावे. ते चारचाकीतून आलेल्या पाहुण्याने ठरवू नये.

माझ्या बोलण्यात कमी-अधिक झाले असेल तर लहान समजून पदरात घ्यावे. वारसनोंदीच्या दिवसाची तारीख समितीने आजच धरावी, अशी पुन्हा विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं! जय हिंद! जय महाराष्ट्र!